बाबा, लाकूड ठोकून बघा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहून घाबरू नका, इकडे सगळे मजेत आहेत. पत्र लिहितेय कारण फोनवर बाबांच्या त्या बिटकॉइनच्या ॲपचा विषय तीनदा काढला आणि तिन्ही वेळा बिघडला. पहिल्यांदा बाबा म्हणाले, "बरं, बघू." दुसऱ्यांदा म्हणाले, "मला काय अक्कल नाही का?" तिसऱ्यांदा मीच आवाज चढवला आणि आईने फोन काढून घेतला. तेव्हा आता लिहूनच सांगते. चष्मा लावा, दोघं मिळून वाचा, आणि सोमवारी एफडी मोडायला बँकेत जायच्या आधी वाचा. एवढीच अट.

दिवाळीत घरी होते तेव्हाची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आई ओटा पुसत होती. बाबा पलंगावर मांडी घालून फोनकडे टक लावून बसलेले. ग्रुपवर 'आता दाबा' असा 'सिग्नल' आला, बाबांनी हिरवं बटण दाबलं, एक वर्तुळ गरगर फिरलं आणि १,१२,४०० चे १,१४,०८६ झाले. बाबा, तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू होतं ते मी याआधी माझ्या दहावीच्या निकालाला पाहिलं होतं. म्हणून त्या रात्री गप्प बसले. तिथेच चुकलं माझं.

आकडा दिसला की टक्का काढायचा ही माझ्या ऑडिटच्या नोकरीची खोड. १,६८६ रुपये वाढले, म्हणजे बरोब्बर दीड टक्का. दुसऱ्या दिवशीही दीड. भाऊबीजेला परत विचारलं, तर तेव्हाही दीडच. एका लाखावर रोज दीड टक्का चढत गेला आणि काहीच काढलं नाही, तर वर्षाच्या शेवटी किती होतात माहीत आहे? दोन कोटी एकोणतीस लाख. दुसऱ्या वर्षाअखेर सव्वापाचशे कोटी. तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख वीस हजार कोटी. आपल्या घरी, त्या पलंगावर! हिशेब तीनदा तपासला, कारण मलाच खरा वाटेना. तुम्हीही कॅल्क्युलेटर घेऊन १.०१५ ला १.०१५ ने गुणत बसा. दहा-बारा वेळा गुणलंत की अंदाज येईल.

आता तुम्ही म्हणाल की ते सगळं कॉम्प्युटर चालवतो, एआय आहे, आपल्याला त्यातलं कळत नाही. मला नेमकं त्याच वाक्याबद्दल बोलायचं आहे.

मी चौथीत असताना बल्लारशाच्या क्वार्टरवर एक सफारीवाला माणूस आला होता, आठवतंय? सागवान लागवडीची योजना. आज काही हजार भरा, वीस वर्षांनी तुमच्या नावच्या झाडांचे लाखो मिळतील. गुळगुळीत रंगीत कागद, वर हिरवंगार रान. तेव्हा अशा कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. शेजारच्या दोन क्वार्टरवाल्यांनी पैसे भरले. बाबांनी त्याला चहा पाजला आणि सकाळी लाकडाच्या डेपोवर बोलावलं. मीही सायकलवर पुढे बसून आले होते. तुम्ही त्याला आलापल्लीहून आलेल्या एका गोल लाकडापुढे उभं केलंत आणि म्हणालात, "मोजा वलयं." तो बोट ठेवून मोजायला लागला आणि चाळिशीच्या पुढे कुठेतरी थांबला. तुम्ही म्हणालात, "ही जाडी यायला एवढी वर्षं लागली. तुमचं झाड वीस वर्षांत कोणत्या गिरणीचं पीठ खाणार आहे?" त्याचे कागद आपल्याकडेच राहिले. त्यांचं कव्हर आईने माझ्या भूगोलाच्या वहीला घातलं होतं.

आणखीही एक आठवतं. लिलावाआधी तुम्ही ओंडक्याच्या टोकाला ठोकून बघायचात. वरून देखणा, सरळसोट, आणि आवाज भद्द आला की म्हणायचात, "आतून गेलाय."

तर बाबा, ज्या माणसाला सागवानाने फसवता आलं नाही, त्याला बिटकॉइनने कसं गाठलं? त्याचं कारण अक्कल नाही. तुम्ही सागातले जाणते आहात म्हणून सागाची योजना तुम्हाला लागली नाही. क्वार्टरमधल्या दोघांना लागली, कारण एक अकाउंट्समध्ये होते आणि दुसरे ड्रायव्हर. अशी माणसं धंदा निवडतात तोच मुळी ऐकणाऱ्याला अर्धवट कळेल असा. नाव ऐकलेलं असावं, पण आतलं यंत्र पाहिलेलं नसावं.

नव्यांच्या पैशांतून जुन्यांना द्यायच्या या प्रकाराला ज्याच्या नावाने पॉन्झी म्हणतात, त्या चार्ल्स पॉन्झीचंच बघा. इटलीहून अमेरिकेत गेलेला माणूस. १९२० मध्ये बोस्टनला त्याने जाहीर केलं की पैसे द्या, ४५ दिवसांत ५० टक्के वाढवून देतो. कशातून? तर पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय रिप्लाय कुपनांतून. परदेशात स्वस्तात कुपन घ्यायचं, अमेरिकेत त्याची जास्त किमतीची तिकिटं घ्यायची. अशी कुपनं खरोखर होती आणि किमतीत फरकही होता. पण पोस्टाच्या खिडकीमागे काय चालतं ते कुणाला ठाऊक? शेवटी एका अर्थपत्रकाराने साधा हिशेब मांडला. पॉन्झीकडच्या पैशांना पुरायला १६ कोटी कुपनं लागली असती, आणि जगात फिरत होती सुमारे २७ हजार. तुम्ही वलयं मोजायला लावलीत, त्याने कुपनं मोजली, एवढंच. याची दुसरी बाजूही ऐका. संशय येऊन लोक पैसे परत मागायला रांगेत उभे राहिले, तेव्हा पॉन्झीने त्यांना कॉफी आणि डोनट वाटले आणि हसत हसत पैसेही दिले. ते पाहून कित्येकजण पैसे न घेताच घरी गेले.

तुम्ही दोनदा काढलेल्या पाच-पाच हजारांकडे मला याच कॉफीसारखं बघावंसं वाटतं. "अगं, दोनदा काढले मी, खात्यात आले," असं तुम्ही मला पासबुक दाखवून म्हणालात. आले, खरंच आले. ते देतातच. पहिले पैसे परत देणं हा त्यांचा जाहिरातीचा खर्च आहे. दहा हजार दिले आणि त्यावर तुम्ही चार लाखांची एफडी मोडायला निघालात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने खर्च वसूल.

आई, आता तू वाच, कारण हा भाग तुझ्या खात्यातला आहे. तू वीस वर्षं भिशी चालवलीस. बारा बायका, महिन्याला हजार, दर महिन्याला एकीला बारा हजार. वर्षभरात प्रत्येकीने बारा भरले आणि प्रत्येकीला बारा मिळाले. कुणाकडून किती आले हे तुझ्या लाल वहीत होतं. समज, एखादी म्हणाली असती, "वहिनी, मी भिशी चालवते, बारा भरा, प्रत्येकीला अठरा देते," तर तू पहिला प्रश्न काय विचारला असतास? वरचे सहा कोण देणार? ती म्हणाली असती की पुढच्या वर्षी अजून बायका येतील, त्या देतील. मग त्यांचे वरचे कोण देणार? तुला हे सातवीच्या गणिताइतकं सोपं आहे. त्या ॲपमध्ये आहे ती हीच भिशी, फक्त लाल वही तुला दाखवत नाहीत आणि बाकीच्या बायका कोण हेही तुला माहीत नाही.

नाही, एक बाई माहीत आहे. आपली मावशी.

बाबा म्हणाले होते की मावशीने पन्नास हजार टाकले आणि आपल्याला 'टीम बोनस'चे चार हजार जमा झाले. तो बोनस कंपनीच्या नफ्यातून आला असं धरून चाललात ना? मावशीच्या पन्नासातलेच चार तुम्हाला दिले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरी कुठली वाट असती तर मी शोधली असती. काकांच्या आजारपणानंतर तिच्याकडे किती उरलंय हे आपल्या तिघांना ठाऊक आहे.

बाबा, तुम्ही नुसत्या हावेने गेला नाहीत हे मला पटलेलं आहे. एफडीचं व्याज वर्षाला सातच्या आसपास. आईच्या गुडघ्याचा खर्च डोक्यावर. माझ्याकडे मागायचं नाही हा तुमचा बाणा. आणि डेपोतले तुमचे जुने सहकारी, ज्यांच्याबरोबर तीस वर्षं डबा खाल्ला, ते घरी येऊन सांगतात की मला मिळाले, तुम्हीही घ्या. ते लबाड नाहीत. त्यांनाही खरंच मिळाले होते. अशा योजना अनोळखी माणसाच्या तोंडून चालत नाहीत. त्यांना कुणाचा तरी जावई, कुणाचे तरी सर, भजनी मंडळातलं कुणीतरी लागतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफकडेही लोक पैसे गुंतवायला असेच गेले, ओळखीने, क्लबातून, धर्मादाय संस्थांतून. नॅसडॅक या शेअर बाजाराचा माजी अध्यक्ष, मग शंका कोण घेणार? तो काही रोज दीड टक्का म्हणाला नव्हता. वर्षाला दहा-बारा टक्के, पण न चुकता, बाजार चढो की पडो. एका विश्लेषकाने २००० पासून तिथल्या सरकारी नियामकाला लेखी कळवलं होतं की इतकी सरळ रेघ खऱ्या बाजारात निघूच शकत नाही. ऐकलं नाही. २००८ च्या मंदीत लोकांनी अब्जावधी डॉलर परत मागितले तेव्हा तिजोरी उघडी पडली. कागदावर सुमारे ६५ अब्ज डॉलर होते. खातेदारांना दरमहा छापील स्टेटमेंट जायची, त्यावर शेअरची नावं, तारखा, भाव सगळं, आणि त्यातला एकही व्यवहार झालेला नव्हता.

म्हणजे १,१४,०८६ हा आकडा स्क्रीनवर दिसतो म्हणून तो कुठे तरी आहे असं धरू नका. स्क्रीनवर काय दाखवायचं हे ॲप बनवणाऱ्याच्या हातात. वनकॉइन नावाचं एक डिजिटल नाणं होतं, बल्गेरियातल्या रुजा इग्नातोव्हा या बाईने काढलेलं. त्याचा भाव रोज वर जायचा, कारण कंपनीच तो ठरवायची. मागे बाजारच नव्हता. नवी मुंबईतही त्याचे मेळावे भरले आणि २०१७ मध्ये पोलिसांनी तिथून माणसं पकडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाई सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसली ती गायब झाली.

बाबा, तुमचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "बुडायचंच असेल तर बुडायच्या आत काढून घेऊ." म्हणजे मनात कुठेतरी तुम्हालाही आवाज भद्द आलाय. तुम्ही एकटे नाही असा विचार करणारे. रशियात सेर्गेई मावरोदीची एमएमएम नावाची अशीच योजना १९९४ मध्ये बुडाली. तुरुंगातून सुटल्यावर २०११ मध्ये त्याने पुन्हा तेच सुरू केलं, आणि यावेळी हा पिरॅमिड आहे, म्हणजे नव्यांच्या पैशांतून जुन्यांना देतो, असं स्वतःच उघड सांगितलं. तरीही लोक आले, त्याची भारतातली शाखासुद्धा निघाली. प्रत्येकाला वाटत होतं की आपण दाराजवळ उभे आहोत. दार मात्र बाहेरून लागतं आणि त्याची वेळ आपल्याला कळवत नाहीत. कळवलीच तर उलटी कळवतात. मुंबईच्या टोरेस नावाच्या दागिन्यांच्या कंपनीने मॉइसनाइटच्या, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या, खड्यांवर दर आठवड्याला पैसे दिले, आणि गाशा गुंडाळायच्या आधीच्या दिवसांत दर आणखी वाढवला. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या शोरूमला टाळं लागलं तेव्हा बाहेर गर्दी करणाऱ्यांत भाजीविक्रेतेही होते. तुमच्या ग्रुपवर 'गोल्ड लेव्हल, महिनाअखेरपर्यंतच' असं आलंय ना, ते वाचून मला हेच आठवलं. पाच लाख पूर्ण करायला म्हणूनच एफडी मोडायची आहे तुम्हाला.

आणि समजा तुम्ही वेळेत निघालात. तुम्हाला मिळतील ते पैसे कुणाचे? जो मागे राहिला त्याचे. आपल्या खाली कोण आहे ते वर लिहिलंय.

तुम्ही दाखवलेलं कंपनीचं सर्टिफिकेट मी उघडून पाहिलं. ते कंपनी नोंदवल्याचं आहे. ते पानवाल्यालाही काढता येतं. लोकांकडून पैसे घेऊन परतावा द्यायची परवानगी रिझर्व्ह बँक किंवा शेअर बाजाराची नियामक सेबी यांच्याकडे बघावी लागते, आणि तिथे हे नाव नाही. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' नावाच्या साइटवर शोधता येतं, मी आले की शेजारी बसून दाखवते. कायदे आहेत. महाराष्ट्राचा ठेवीदारांसाठीचा १९९९ चा आहे, केंद्राचा २०१९ चा आहे. पण कायद्याने पैसे परत यायला काय वेळ लागतो ते बघा. पर्ल्स समूहाच्या पीएसीएल या कंपनीला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये लोकांचे ४९,१०० कोटी परत करायला सांगितलं. गुंतवणूकदार साडेपाच कोटींच्या वर. परतफेड टप्प्याटप्प्याने सुरू झाली ती आधी अगदी लहान रकमांची. तुमच्या वयाला ही रांग परवडणारी नाही, स्पष्ट लिहिते, रागावू नका.

ग्रुपवर शंका विचारणाऱ्याला काढून टाकतात आणि बाकीचे त्यालाच शिव्या देतात, हे तुम्हीच हसत सांगितलंत. २०११ मध्ये स्पीक एशिया नावाच्या कंपनीचं तेच झालं. ११ हजार भरून ऑनलाइन सर्व्हे भरायचे आणि पैसे मिळवायचे. चौकशी सुरू झाल्यावर सदस्यांची संघटनाच कंपनीच्या बाजूने उभी राहिली. मला तेव्हा नवल वाटलं होतं, आता वाटत नाही. कंपनी खोटी म्हटली की आपण मेव्हण्याला, शेजाऱ्याला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न येतो. त्यापेक्षा पोलिसच खोटे म्हणणं सोपं.

या तोंड दाखवण्यावरून माझंही सांगून टाकते. लॉकडाऊनमध्ये मी एका ॲपवर साडेतीन हजार घालवले. व्हिडिओला लाइक करायचे, पैसे मिळायचे. दोनदा दोनशे-दोनशे मिळालेही. मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरा म्हणाले, मी भरले आणि ॲप बंद. मी, ऑडिट करणारी! घरात कुणालाच सांगितलं नाही. त्यांना आपण गप्प बसूनच सगळ्यात मोठी मदत करतो. मी तेव्हा बोलले असते तर कदाचित तुम्ही दिवाळीत मला आधी विचारलं असतं.

आता काय करायचं ते. आज रात्री बटण दाबू नका. त्याऐवजी सगळी रक्कम काढायचा अर्ज टाका, पूर्ण १,१४,०८६ किंवा आज जो काही आकडा असेल तो. पाच हजार नाही, सगळे. लिलावाआधी ठोकायचात तसं समजा. पैसे आले तर फारच छान, मी तुमची जाहीर माफी मागेन, कॉलनीतल्या गणपती मंडळासमोर म्हणाल तर तिथे. पण माझा अंदाज सांगून ठेवते. आधी 'सिस्टिम अपग्रेड' येईल. मग कुणीतरी फार गोड बोलणारी मुलगी फोन करेल आणि म्हणेल की नफ्यावरचा टॅक्स आधी भरा, वीस टक्के, मग लगेच सुटतील. तो एक रुपयाही भरायचा नाही. टॅक्स आपण सरकारला भरतो, ॲपला नाही. त्यानंतर बुडालेले पैसे काढून देतो म्हणणारे 'वकील' येतील, तेही त्यांचेच भाऊबंद. असं काही झालं तर १९३० वर फोन करायचा, सायबरवाल्यांचा नंबर आहे तो. जितक्या लवकर कराल तितकी खात्यातली रक्कम गोठवायची शक्यता जास्त. ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी सगळ्या मेसेजचे आणि पैसे पाठवल्याचे फोटो काढून ठेवा. आई, हे तू कर, बाबा चुकून डिलीट करतील.

डेपोतल्या काकांशी भांडू नका. त्यांनाही सगळी रक्कम काढायचा अर्ज टाकायला सांगा, बाकी काही बोलायची गरज नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनचं मी आणि दादाने मागच्या आठवड्यातच ठरवलंय, अर्धं अर्धं. तुम्हाला विचारलं नाही कारण नाही म्हणाला असतात. एफडी आहे तिथे राहू द्या.

शुक्रवारच्या गाडीने निघते, शनिवारी जेवायच्या वेळेला पोचेन. स्टेशनवर येऊ नका, ऑटोने येईन. मावशीला मी फोन केलेला नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल की बाबांनी मला पुढे केलं. तो फोन तुम्हीच करा बाबा, शनिवारच्या आधी. आणि ते चार हजार आजच तिच्या खात्यात टाका.

तुमची,
ताई